जो सिनेमा उरलाच नाही, त्याची शताब्दी कशी करायची?

जुनं_रीळ

३ डिसेंबर २०२७ ला 'लंडन आफ्टर मिडनाइट'ला १०० वर्षं होतील. दिग्दर्शक टॉड ब्राउनिंग, मुख्य भूमिकेत लॉन चेनी. उंच टोपी, वटारलेले डोळे, तोंडभर करवतीसारखे दात. सिनेमाचं नाव ठाऊक नसलं तरी हा चेहरा तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेला असणार. भयपटांवरचं सचित्र पुस्तक उघडा, हा गडी त्यात सापडतोच.

सिनेमा मात्र सापडत नाही. १९६० च्या दशकात एमजीएमच्या गोदामाला आग लागली आणि ज्ञात असलेली शेवटची प्रत त्यात जळाली. उरले ते चित्रीकरणाच्या वेळी काढलेले फोटो, पटकथा आणि जाहिरातींचं साहित्य. २००२ मध्ये टीसीएम वाहिनीने ते फोटो पटकथेच्या क्रमाने लावून पाऊण तासाची एक आवृत्ती दाखवली होती. पुढे २०१४ मध्ये याचं एक मूळ पोस्टर लिलावात ४,७८,००० डॉलरला गेलं. म्हणजे सिनेमा नाही, पण त्याच्याबद्दलची ओढ अजून शाबूत आहे.

मला गेले काही दिवस हा प्रश्न पडलाय. भयपट आणि भयकथांच्या वर्धापनदिनांचे लेख येत असतात, अमुक सिनेमाची पन्नाशी, तमुक कादंबरीची दोनशे वर्षं. त्यात असा हरवलेला सिनेमा बसतो का? मैलाचा दगड म्हणायला ती कृती हातात असावी लागते का? आणि तुम्हाला एकच तारीख निवडायची झाली, तर कुठली निवडाल?

माझं मत आधी सांगतो: बसतो. या सिनेमाने पुढच्या कित्येकांना चेहरा दिला आणि तेवढं मला पुरेसं वाटतं.

रातकिडा

रुमाल टाकून ठेवतो. हा धागा पळणार.

तळटीप

विषय आवडला, पण निष्कर्षाशी असहमत.

आगीच्या आधी ज्यांनी 'लंडन आफ्टर मिडनाइट' पाहिला होता, त्यांच्यातल्या काही अभ्यासकांनी तो बेताचाच असल्याचं सांगून ठेवलंय. शिवाय कथा अशी की शेवटी ते रक्तपिपासू वगैरे सगळं सोंग निघतं, खुनी पकडण्यासाठी रचलेलं. सिनेमा हरवला म्हणून त्याची आख्यायिका झाली. उद्या एखाद्या तळघरात प्रत सापडली तर आपण दोन दिवस नाचू आणि तिसऱ्या दिवशी म्हणू, ठीक होता.

माझी तारीख ४ मार्च १९२२, बर्लिन. 'नोस्फेराटू'चा पहिला खेळ. हा सिनेमासुद्धा हरवायलाच हवा होता, किंबहुना तसा न्यायालयाचा हुकूमच होता. ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'वर बेतलेला, हक्क मात्र घेतलेले नाहीत. काउंटचं नाव बदलून ऑरलॉक केलं, पण श्रेयनामावलीत स्टोकरचा उल्लेख राहू दिला! स्टोकरची पत्नी फ्लॉरेन्स हिने दावा लावला. निर्मिती करणारी प्राना फिल्म तोवर दिवाळखोरीत गेली होती, तिच्याकडून पैसे मिळायची आशा नव्हती. अखेर १९२५ मध्ये सगळ्या प्रती नष्ट करण्याचा आदेश झाला. तरी परदेशी गेलेल्या प्रती वाचल्या आणि आज आपण तो पाहतो. मैलाचा दगड असावा तर असा, जो सगळ्यांनी उखडायचा प्रयत्न केला तरी जागेवरच आहे.

मध्यंतर

तळटीप यांना अनुमोदन. आणि एक भर: सूर्यप्रकाशाने रक्तपिपासू मरतो, हा नियम 'नोस्फेराटू'चा. स्टोकरच्या कादंबरीत तो नाहीच. तिथे काउंट लंडनच्या रस्त्यावर दिवसाढवळ्या फिरतो, फक्त त्याच्या शक्ती कमी झालेल्या असतात.

धुकं

> स्टोकरच्या कादंबरीत तो नाहीच.

काय सांगता! मग कादंबरीत तो मरतो कसा? मला तर छातीत खुंटी ठोकलेली आठवतेय.

मध्यंतर

खुंटी लूसी या पात्राच्या वाट्याला येते. काउंट मरतो तो सूर्य मावळता मावळता, दोन सुऱ्यांनी. जोनाथन हार्करची कुकरी गळ्यावर आणि क्विन्सी मॉरिसचा सुरा काळजात. म्हणजे १८९७ चा ड्रॅक्युला आपल्या मनातल्या ड्रॅक्युलापेक्षा बराच वेगळा आहे. आपल्या मनात जो आहे तो १९२२, १९३१ आणि १९५८ च्या सिनेमांची बेरीज आहे. काळा अंगरखा आणि तो शिष्ट दरबारी थाट रंगभूमीवरून आला, बेला लुगोसी आधी १९२७ मध्ये ब्रॉडवेवर ती भूमिका करत होता. आणि रक्त लाल झालं ते हॅमर फिल्म्सच्या रंगीत पटांत, ख्रिस्तोफर ली याच्या काळात.

म्हणून मला २६ मे १८९७ हा 'ड्रॅक्युला'चा वाढदिवस म्हणून साजरा करताना थोडं अडखळायला होतं. त्या दिवशी पुस्तक आलं. पात्र घडायला पुढची साठ वर्षं लागली.

केतकी

मी सिनेमापेक्षा कथा-कादंबऱ्यांकडून उत्तर देते.

'फ्रँकनस्टाइन'च्या किती तारखा धरायच्या बघा. पुस्तक आलं १ जानेवारी १८१८ ला. तीन खंड, ५०० प्रती आणि लेखिकेचं नाव नाही. प्रस्तावना तिचा नवरा पर्सी शेली याने लिहिलेली, त्यामुळे अनेकांना पुस्तकही त्याचंच वाटलं. लेखिकेचं, म्हणजे मेरी शेलीचं, नाव छापलं गेलं १८२३ च्या आवृत्तीवर. आज बहुतेक लोक जी वाचत आले ती संहिता १८३१ ची, तिने स्वतः बदल केलेली.

पण कल्पना सुचली ती १८१६ च्या जूनमध्ये, जिनिव्हा सरोवराकाठी. आदल्या वर्षी एप्रिलमध्ये तंबोरा ज्वालामुखी फुटला होता. त्या राखेमुळे युरोपात उन्हाळा आलाच नाही, पाऊस आणि गारठा. कवी बायरनने भाड्याने घेतलेल्या घरात सगळे अडकलेले, जर्मन भुतांच्या गोष्टी फ्रेंचमधून वाचतायत, आणि बायरन म्हणतो की आपण प्रत्येकाने एकेक गोष्ट लिहू. त्याच बैठकीतून त्याच्या डॉक्टरने, पॉलिडोरीने, पुढे 'द व्हॅम्पायर' लिहिली. १८१९ मध्ये ती छापली गेली तेव्हा वर नाव बायरनचं! एकाच घरातून आधुनिक राक्षस आणि आधुनिक रक्तपिपासू दोन्ही निघाले.

गंमत म्हणजे या सुचण्याच्या क्षणाची वेळही कुणीतरी शोधून काढलीय. मेरीने लिहून ठेवलंय की जागी झाले तेव्हा खिडकीच्या झडपांतून चांदणं आत येत होतं. टेक्सासमधल्या डोनाल्ड ओल्सन या खगोलशास्त्रज्ञाने तिथल्या डोंगराचा उतार आणि चंद्राची स्थिती यांचा हिशेब मांडला आणि २०११ मध्ये निष्कर्ष दिला: १६ जून १८१६, पहाटे दोन ते तीन.

माझी निवड हीच.

रातकिडा

चंद्राला साक्षीला बोलावून काढलेली जन्मवेळ! आता पत्रिकाही मांडून टाका त्या राक्षसाची.

वाचनवेडी

केतकी, फार छान लिहिलंस. पण मी अजून मागे जाईन.

मेरीचं पहिलं मूल, मुलगी, वेळेआधी जन्मली आणि १८१५ च्या मार्चमध्ये काही दिवसांतच गेली. नावही ठेवलं नव्हतं. मेरी तेव्हा सतरा वर्षांची. १९ मार्चला तिने रोजनिशीत लिहिलं की स्वप्नात बाळ पुन्हा जिवंत झालं, ते फक्त गारठलं होतं, आम्ही शेकोटीपाशी त्याला चोळलं आणि ते जगलं. जाग आली तर बाळ नाही.

ही नोंद वाचल्यावर 'फ्रँकनस्टाइन' मी पूर्वीसारखी वाचू शकले नाही. मृताला जिवंत करण्याची कल्पना विजेच्या प्रयोगांवरच्या गप्पांतून आली असेलही, तसं तिने स्वतःच म्हटलंय. पण निर्माता आपल्या निर्मितीकडे पाठ फिरवतो आणि ते पोरकं जीव जगभर हिंडतं, हे दुःख एखाद्या बैठकीत सुचणारं नाही. त्या कादंबरीत भीतीपेक्षा शोक जास्त आहे आणि म्हणूनच ती टिकली असं मला मनापासून वाटतं.

शिवाय १८२३ मध्ये त्यावर नाटक आलं. पर्सी आदल्याच वर्षी बुडून गेलेला, मेरी इंग्लंडला परतली आणि नाटक बघायला गेली. भूमिकांच्या यादीत राक्षसाच्या नावाच्या जागी नुसती रेघ ओढलेली. अनामिकाला अनामिक ठेवण्याची ती युक्ती तिला फार आवडली, तसं तिने पत्रात लिहिलंय. आता १९३१ च्या सिनेमाची सुरुवातीची श्रेयनामावली बघा. राक्षसाच्या पुढे बोरिस कार्लोफचं नाव नाही, प्रश्नचिन्ह आहे. शंभरहून जास्त वर्षांनी तोच खेळ.

धुकं

रोजनिशीचं वाचून गलबललं. धन्यवाद, वाचनवेडी.

आडवाट

सगळे युरोपातच फिरताय. माझी तारीख १ ऑक्टोबर १९६८, पिट्सबर्ग. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'.

साधारण १,१४,००० डॉलरमध्ये जॉर्ज रोमेरो आणि मित्रमंडळींनी बनवलेला सिनेमा. त्याआधी पडद्यावरचा झोंबी म्हणजे कुणीतरी जादूटोण्याने ताब्यात घेतलेला गुलाम. यांनी त्याला धनीच ठेवला नाही. मेलेले उठतात आणि माणसं खातात, बस्स. गंमत म्हणजे संवादात झोंबी हा शब्द येतच नाही. नायक ड्वेन जोन्स, कृष्णवर्णीय अभिनेता. एप्रिलमध्ये मार्टिन लूथर किंग यांची हत्या झालेली, ऑक्टोबरात हा सिनेमा आणि त्याचा तो शेवट. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी शेवट सांगत नाही, पण त्या वर्षीच्या प्रेक्षकाला तो कसा झोंबला असेल याचा विचार करा.

आणि हा घराघरात पोचला का? तर वितरकाने ऐनवेळी नाव बदललं, आधीचं होतं 'नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स'. नव्या नावाच्या पाटीवर प्रताधिकाराची सूचना टाकायची राहून गेली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्याने सूचना नाही म्हणजे हक्क नाही. सिनेमा त्याच दिवशी जगाच्या मालकीचा झाला. कुणीही दाखवावा, कुणीही व्हिडिओ कॅसेट काढावी. तो अमर झाला तो या सुटलेल्या ओळीमुळे.

तळटीप

आडवाट, माहिती उत्तम, पण शेवटच्या वाक्यात जो आनंद दिसतोय तो खटकला. ज्यांनी पोटाला चिमटा काढून सिनेमा केला, त्यांच्या हातात त्या अमरपणातून फारसं काही पडलं नाही. आपल्याला फुकट पाहायला मिळालं, किंमत रोमेरो आणि मंडळींनी मोजली.

आडवाट

खटकायला हवंच, मलाही खटकतं. पण तुम्ही निवडलेला 'नोस्फेराटू' काय आहे? परवानगी न घेता केलेलं रूपांतर, न्यायालयाने ते सिद्ध केलेलं. फ्लॉरेन्स स्टोकर विधवा होती आणि नवऱ्याच्या पुस्तकाचं उत्पन्न हा तिचा आधार होता. तुमच्या तारखेतही कुणाचं तरी नुकसान आहेच.

तळटीप

मुद्दा रास्त आहे. फरक एवढाच की 'नोस्फेराटू'चा दिग्दर्शक मुर्नाऊ याने घेतलं त्यात स्वतःचं काहीतरी घातलं. ती भिंतीवरून जिना चढणारी सावली पुस्तकात नव्हती. नुसती प्रत काढणारा आणि नवं घडवणारा यांना मी एका पारड्यात घालणार नाही.

मध्यंतर

इथे आपले भयकथाकार नारायण धारप यांचं नाव घेतल्याशिवाय कसं चालेल? १९२५ चा जन्म, म्हणजे गेल्याच वर्षी त्यांची जन्मशताब्दी होती. 'लुचाई' ही स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वरून आलेली, हे आता जगजाहीर आहे. तरीही मराठी वाचकांच्या पिढ्याच्या पिढ्या 'लुचाई'लाच घाबरल्या आणि ती भीती अस्सल होती. धारपांच्या समर्थ या नायकाच्या कथा वाचून रात्री दिवा चालू ठेवून झोपलेली माणसं या धाग्यावर नक्की असतील.

केतकी

असतील काय, आहेत!

पण मध्यंतर, मला धारपांबद्दल दोन्ही वाटतं. त्यांनी दार उघडून दिलं याबद्दल अपार कृतज्ञता आहे. त्याच वेळी, मूळ लेखकाचा उल्लेख ठळक हवा होता असंही वाटतं, कारण स्वतःच्या बळावर उभं राहण्याइतकी ताकद त्यांच्यात होती. घरातला माळा, बंद खोली, वाड्यातलं एखादं म्हातारं माणूस यांच्यावर ते जी सावली आणतात ती किंगची नाही. 'तुंबाड'च्या दिग्दर्शकाने प्रेरणा म्हणून धारपांची कथाच सांगितली आहे. २०१८ मध्ये आलेला तो सिनेमा २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला.

रातकिडा

रत्नाकर मतकरी राहिले. त्यांची भूतकथा अंगावर येत नाही, शेजारी येऊन बसते. २०२० मध्ये गेले.

धुकं

अवांतर होतंय बहुतेक, पण चालू द्या. वाचायला मजा येतेय.

शेवटची_रांग

उशिरा पोचलो. प्रदर्शनाची तारीख हाच मैलाचा दगड मानण्यात एक घोळ आहे, त्यावर लिहितो.

'द थिंग' २५ जून १९८२ ला आला आणि आपटला. दोन आठवडे आधी 'ई.टी.' आलेला, लोकांना परग्रहावरचा गोड पाहुणा हवा होता. समीक्षकांनी दिग्दर्शक जॉन कार्पेंटरला झोडपलं. आज तो भयपटांच्या कुठल्याही यादीत वरच्या रांगेत असतो. ती उंची त्याला व्हिडिओ कॅसेटींनी दिली, घरी पुन्हा पुन्हा पाहणाऱ्यांनी दिली. तिची तारीख कुठली लिहिणार?

'पीपिंग टॉम' आणि 'सायको' दोन्ही १९६० चे. दोन्हींत एकलकोंडा खुनी, दोन्हींत प्रेक्षकाला चोरून बघायला लावलेलं. पहिल्याने मायकेल पॉवेल या दिग्दर्शकाच्या ब्रिटनमधल्या कारकिर्दीचं फार मोठं नुकसान केलं, दुसऱ्याने हिचकॉकला गडगंज केलं. 'पीपिंग टॉम' लोकांनी पुन्हा उचलून धरला तो बऱ्याच वर्षांनी, त्यात मार्टिन स्कॉर्सेसीचा वाटा मोठा. म्हणजे तारीख एकच धरली तर आपण फक्त लगेच जिंकलेल्यांची नोंद ठेवतो.

आडवाट

'सायको'ने आणखी एक केलं. सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही, ही अट हिचकॉकने चित्रपटगृहांना घातली. तोवर अमेरिकेत लोक सर्रास मधूनच आत शिरायचे आणि पुढच्या खेळात सुरुवात बघून उठायचे. नायिका चाळीसेक मिनिटांत मरणार असेल तर असं कसं चालेल! प्रेक्षकाची सवय बदलली, हा दगड मला खुनाच्या प्रसंगापेक्षाही मोठा वाटतो.

वाचनवेडी

मूळ प्रश्नाकडे येते. हरवलेल्याची शताब्दी करावी का?

यंदाच, २४ सप्टेंबर २०२६ ला, एका जपानी सिनेमाला १०० वर्षं होतायत. तेइनोसुके किनुगासाचा 'अ पेज ऑफ मॅडनेस'. मनोरुग्णालयात साफसफाईचं काम करणारा एक म्हातारा, त्याची बायको तिथेच रुग्ण. पडद्यावर लिहिलेले संवाद नाहीत, सलग गोष्टही नाही, नुसती मनाची उलथापालथ. लेखनात यासुनारी कावाबाता होते, पुढे १९६८ चे नोबेल विजेते. हा सिनेमा अनेक दशकं हरवलेला समजत होते. १९७१ मध्ये तो खुद्द दिग्दर्शकालाच घरच्या कोठारात सापडला.

तसंच मेलिएस या फ्रेंच दिग्दर्शकाच्या १८९६ च्या तीन मिनिटांच्या भूतपटाचं. भयपटांची सुरुवात बहुतेक जण तिथून मोजतात आणि त्याची प्रत १९८८ मध्ये न्यूझीलंडच्या संग्रहालयात मिळाली. एडिसन कंपनीचा १९१० चा 'फ्रँकनस्टाइन'ही एका संग्राहकाकडे निघाला.

म्हणून जुनं_रीळ यांच्या बाजूने माझं मत. शताब्दी केली की लोक नाव ऐकतात, नाव ऐकलं की कुणीतरी जुना डबा उघडून बघतो. तळटीप, तो सिनेमा बेताचा निघाला तर निघू दे. न पाहता बेताचा म्हणण्यापेक्षा पाहून म्हणू.

तळटीप

डबा उघडण्याचा मुद्दा मान्य. बेताचा आहे हे मात्र माझं अजून मत आहे.

केतकी

साजरं करण्याची माझी सगळ्यात आवडती रीत बाल्टिमोरची. एडगर अॅलन पो याच्या जन्मदिवशी, १९ जानेवारीला, रात्रीच्या अंधारात कुणीतरी चेहरा झाकून त्याच्या थडग्यापाशी यायचं, तीन गुलाब आणि कोन्याकची अर्धवट बाटली ठेवून निघून जायचं. कित्येक दशकं हे चाललं. २००९ मध्ये, पोच्या द्विशताब्दीला, तो शेवटचा आला. पुढच्या वर्षी लोक वाट बघत थांबले, कुणी आलं नाही. भाषण नाही, फलक नाही, समिती नाही. एका वाचकाने आपल्या लेखकाला दिलेला शब्द पाळला.

रातकिडा

आणि नाव शेवटपर्यंत कळलं नाही. आपल्याकडे तर फुलांआधी फोटोग्राफर पोचला असता.

शेवटची_रांग

जपानमध्ये ३ नोव्हेंबर हा गॉडझिलाचा दिवस. १९५४ च्या त्या तारखेला पहिला सिनेमा आला, त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेच्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली होती. २०२३ चा 'गॉडझिला मायनस वन' मुद्दाम ३ नोव्हेंबरलाच आणला आणि पुढे त्याला दृश्य परिणामांचं ऑस्कर मिळालं. ज्या भीतीचं कारण सगळ्या देशाने भोगलेलं असतं, तिची तारीख सगळा देश लक्षात ठेवतो.

जुनं_रीळ

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

तळटीप आणि वाचनवेडी दोघांचं वाचून माझा विचार थोडा बदलला. मी चेहऱ्यावर अडून बसलो होतो. 'नोस्फेराटू', 'लिव्हिंग डेड', किनुगासाचा सिनेमा, यांत समान धागा असा की कुणीतरी प्रत सांभाळली, कधी कायदा मोडून, कधी नकळत. 'लंडन आफ्टर मिडनाइट'च्या बाबतीत ते झालं नाही. त्यामुळे २०२७ मध्ये त्याच्यावर लेख लिहीन तेव्हा निम्मा लेख त्या आगीवर आणि मूकपटांच्या प्रती का जळायच्या यावर असेल. त्या काळची फिल्म नायट्रेटची, पेट घेतला तर विझवणं जवळपास अशक्य, आणि बोलपट आल्यावर मूकपट सांभाळून ठेवण्यात कुणाला पैसा दिसत नव्हता. एकच तारीख निवडायची तर माझं मत आता १९२५ च्या त्या बर्लिनच्या निकालाला. त्या दिवशी एक भयपट संपायला हवा होता.

धुकं

कल्पना आवडली. २०२७ च्या आधी तयारी म्हणून काय पाहू? ती पाऊण तासाची फोटोंची आवृत्ती आधी, की ब्राउनिंगनेच याच कथेवर पुन्हा केलेला 'मार्क ऑफ द व्हॅम्पायर'?

तळटीप

१९३५ चा 'मार्क ऑफ द व्हॅम्पायर' आधी बघा. त्यात लुगोसी आहे, कथा समजून जाईल. मग फोटोंची आवृत्ती पाहताना नुसत्या चेनीकडे लक्ष देता येईल. आणि बघून झालं की इथेच लिहा, मला वाचायचंय.